हरवा, मग उठते

नबीहाच्या घरी रोज दुपारी थर्मासमधून चहा यायचा, आणि त्या थर्मासचा तिला मनापासून राग होता. चहा वाईट नव्हता. तिच्याच बापाच्या चहाखान्यात, तिच्याच धाकट्या भावाने, फदलने, वेलची ठेचून आणि डब्यातलं घट्ट दूध ओतून तो उकळलेला असायचा. एडनच्या सगळ्या क्रेटर पेठेत तसा चहा दुसरीकडे मिळत नाही हे शत्रूसुद्धा कबूल करतो. पण थर्मासात कोंडलेला चहा म्हणजे झाकणाचा वास मारणारं गरम पाणी, असं तिचं ठाम मत होतं. चहाखान्याचा चहा काचेच्या ग्लासात, बाकावर बसून, चार माणसांच्या कलकलाटात प्यायचा असतो. हे तिला कोणी शिकवायला नको होतं. लहानपणी ती बापाच्या साखरेच्या पोत्यावर बसूनच मोठी झाली होती.

मधे एक काळ असाही होता की एडनच्या बायका गिरणीतून सुटल्या की चहाखान्यात टेकायच्या आणि कोणी मान वळवून बघायचं नाही. नबीहा तेव्हा कापडाच्या गिरणीत होती, शफीका तिच्या शेजारच्या मागावर, आणि रऊफा सरकारी दवाखान्यात सुईण. पुढे लढाया आल्या, गेल्या, परत आल्या. दर लढाईनंतर कोणीतरी नवा शहाणा उगवायचा आणि त्याची पहिली अडचण बायकांचीच असायची. वीज नाही, पाणी नाही, पगार नाही, ते सगळं राहू दे बाजूला. बायका कुठे बसतात ते आधी बघा. असं होता होता बायका चहाखान्यातून उठल्या त्या उठल्याच.

नबीहाचा नवरा अन्वर बंदरावर क्रेन चालवायचा आणि रोज संध्याकाळी चहाखान्यात डोमिनो खेळायचा. घरी येऊन जेवताना तो अख्खा डाव तिला सांगायचा, कोणी कुठली सोंगटी कधी टाकली, कोण कुठे अडला. ती भाकरी वाढता वाढता म्हणायची, अरे बाबा, चौका कशाला काढलास, चौके तर सगळे हाजी अवदच्या हातात होते. दुसऱ्या दिवशी अन्वर तिच्या सांगण्याप्रमाणे खेळायचा, जिंकायचा, आणि शाबासकी मात्र एकटा घेऊन घरी यायचा. संसाराची सगळी वर्षं ती असा न बघितलेला खेळ खेळली.

अन्वर गेला. इद्दतीचे, म्हणजे विधवेने घरातच काढायचे, दिवस ती बसून राहिली, आणि थर्मास येत राहिला. तेव्हाच तिने दोघी मैत्रिणींना सांगून टाकलं की बाहेर पडेन त्या दिवशी पहिला चहा बाबांच्या चहाखान्यात, बाकावर बसून. खिडकीतून नाही.

ती खिडकी नवी होती. चहाखान्याच्या समोर मुकबिलचं मधाचं दुकान. मध उत्तम, माणूस कडू. मशिदीतल्या पहिल्या रांगेतला, गल्लीतल्या प्रत्येकाच्या वागण्याचा हिशेब स्वतःकडे ठेवणारा. त्याचे दोन पुतणे गल्लीच्या तोंडाशी नाक्यावर बंदुका घेऊन बसायचे, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याने बायकांसाठी दोन टेबलं मांडली, तर आठवड्याच्या आत त्याचं शटर बंद झालं ते अजून उघडलेलं नाही. ते बघून फदलने बाजूच्या भिंतीला भोक पाडून खिडकी केली. बायकांनी तिथून पिशवीत चहा बांधून घ्यावा आणि वाटेला लागावं. फदल वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आणि ज्याच्या घरात सात खाणारी तोंडं आहेत त्याने घाबरू नये असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण बहिणीला कसं वाटलं असेल तेही त्याने विचारलं नाही.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाल्यावर तिघी निघाल्या. गुरुवार म्हणजे लहजच्या मळ्यांतून मोगरा येण्याचा दिवस. रऊफाने तीन गजरे घेतले आणि नबीहाच्या काळ्या अबायावर एक अडकवला. विधवेने फुलं माळायची का, असं शफीकाने हळूच विचारलं, तर रऊफा म्हणाली, "दिवस संपले ना तिचे? मग झालं. अन्वरलाच मोगरा आवडायचा, तुला नाही." शफीका जन्माची भित्री. वाटेत तिने तीनदा सुचवलं की आपण चहा घेऊन समुद्रावर जाऊ, वारासुद्धा लागेल. दोघी चालतच राहिल्या. तरी ती मागे फिरली नाही, हे तिच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

चहाखाना भरलेला होता. पंखे बंद, कारण वीज गेलेली. गालात नशेची हिरवी पानं धरून बसलेले म्हातारे, पत्र्याच्या टेबलांवर सोंगट्यांचा खडखडाट, चुलीवर दोन मोठी पातेली. तिघी उंबरा ओलांडून आत आल्या आणि खडखडाट थांबला. दाराशी पुठ्ठा चघळत उभी असलेली शेळी तेवढी आपलं काम करत राहिली.

फदलच्या हातातली पळी पातेल्यातच राहिली. तो लगबगीने पुढे आला आणि डोळ्यांनीच खिडकीकडे खुणा करू लागला. नबीहाने त्या खुणा बघितल्या आणि न बघितल्यासारखं करून मधल्या टेबलाजवळच्या रिकाम्या बाकावर टेकली. बाकाच्या कडेला तिचा लहानपणचा दात लागल्याची खूण होती. ती अजून तिथेच होती.

फदलला मुकबिलचं नाव भरल्या चहाखान्यात घ्यायचं नव्हतं. बायका म्हणून उठ, असंही सख्ख्या बहिणीला म्हणवेना. मग त्याने एक निमित्त शोधलं, आणि तिथेच तो फसला.

"अगं, या वेळेला बाक खेळणाऱ्यांसाठी असतात," तो म्हणाला. "बाबांचाच नियम आहे. खेळायचं नसेल त्याने बसायचं नाही."

"माहीत आहे मला नियम," नबीहा म्हणाली. "मग पुढचा डाव आमचा."

नियम खरोखरच बाबांचा होता आणि सगळ्या क्रेटरला पाठ होता. जो पुढचा डाव आमचा म्हणेल त्याला डाव मिळणार. जिंकेल तो बसेल, हरेल तो उठेल, आणि जिंकणाऱ्याला हरवल्याशिवाय कोणी उठवायचं नाही. इंग्रजांच्या काळात एक फौजदार हरूनही उठेना, तेव्हा बाबांनी चुलीवरची पातेली खाली उतरवून ठेवली होती. अख्खा चहाखाना चहावाचून बसला आणि शेवटी फौजदार उठला. ही गोष्ट तिथला प्रत्येक जण पाहुण्यांना फुशारकीने सांगायचा. आता त्याच फुशारकीने सगळ्यांची तोंडं बंद केली होती.

मधल्या टेबलावर हाजी अवद आणि त्याचा जोडीदार दुपारपासून जिंकत बसले होते. हाजी अवद ऐंशीचा, चहा न पिणारा. त्याला कॉफीच्या टरफलांचं आलं घातलेलं किश्रच लागायचं. त्याने पेला खाली ठेवला, नबीहाकडे निरखून बघितलं आणि विचारलं की अन्वर रोज रात्री घरी जाऊन कोणाला विचारून यायचा. रऊफानेच परस्पर उत्तर दिलं, "विचारून नाही, शिकून." म्हातारा हसला आणि सोंगट्या पिसू लागला.

रऊफाला डोमिनो दवाखान्यातल्या रात्रपाळीने शिकवला होता. ती नबीहाच्या समोर बसली, शफीका बाकाच्या टोकाला, ओढणीचं टोक दातात धरून. पहिला डाव त्या जिंकल्या. हाजी अवद तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत उठला आणि हरलेले जिथे उभे राहतात त्या भिंतीशी जाऊन टेकला. दुसरी जोडी बसली ती जरा तोऱ्यात, आणि उठली ती कान खाजवत. जिंकणाऱ्यांना चहा द्यायचा हेही नियमातच होतं, तेव्हा फदलला तीन ग्लास भरून आणावे लागले.

नबीहाने ग्लास दोन्ही हातांत धरला. तो इतका गरम होता की बोटं बदलत राहावी लागली. वर जरा साय धरली होती. तिने एक घोट घेतला आणि तिला रडू आलं. बाप आठवला, नवरा आठवला, आणि थर्मासातल्या चहाची ती सगळी वर्षं आठवून संतापही आला. रडू तिने गिळलं. संताप ठेवून घेतला, तो पुढे लागणार होता.

लागलाच. बातमी रस्ता ओलांडून मधाच्या दुकानात गेली आणि मुकबिल आला. तो उंबऱ्याच्या आत आला पण बायकांकडे त्याने बघितलं नाही. छताकडे बघत त्याने फदलला विचारलं की हे काय चाललंय, आणि यांना ताबडतोब उठव म्हणून सांगितलं. आइस्क्रीमवाल्याचा शब्दही त्याने काढला नाही. काढायची गरज नव्हती.

फदलचा चेहरा उतरला. तो नबीहाजवळ येऊन वाकला आणि हात जोडल्यासारखं करत म्हणाला, चहा प्यायलीस ना, झालं ना मनासारखं, आता ऊठ, माझ्यासाठी ऊठ.

नबीहाने मोठ्याने उत्तर दिलं, म्हणजे मुकबिललाही ऐकू जावं. "हरवा, मग उठते. एक क्षण जास्त बसणार नाही."

आता मुकबिलची पंचाईत झाली. उठवायचं तर हरवायला हवं, हरवायचं तर समोर बसायला हवं, आणि बायकांनी पुरुषांसमोर बसू नये हेच तर त्याचं सगळं भांडण. तो चहाखानाभर नजर फिरवून माणूस शोधू लागला. तू बस, तू बस. एकाची पाठ दुखत होती. एकाला अचानक घरी पाव न्यायचा आठवला. दोघे धीट होते ते बसले आणि नबीहाने त्यांना असं काही अडवलं की एकाच्या हातात पाच सोंगट्या तशाच राहिल्या. भिंतीशी गर्दी वाढली. कोणी हसत नव्हतं, पण कोणी निघूनही जात नव्हतं. पाव न्यायला निघालेला माणूससुद्धा दारात थांबला होता.

मुकबिलने आवाज चढवला. म्हणाला, नाक्यावरून पोरांना बोलावतो, मग कळेल नियम कोणाचा चालतो तो.

शफीकाने ग्लास खाली ठेवला आणि दाराकडे बघितलं. खरी भीती आता आत आली होती. त्या पोरांच्या हातात काय असतं आणि ती काय करतात हे इथे सगळ्यांनी बघितलेलं.

"बोलवा की," रऊफा म्हणाली. ती सोंगट्यांवरून नजर न काढता बोलत होती. "थोरल्याला मीच ओढून बाहेर काढलाय, पायाळू होता. धाकट्याच्या वेळी तर वीज गेली होती आणि तुम्हीच कंदील धरून दाराबाहेर रडत होतात, मुकबिल. बोलवा. मलाही बघायचंय किती मोठे झालेत."

भिंतीकडून कोणीतरी खोकलं. मुकबिलचे कान लाल झाले. तरी तो मागे हटणारा नव्हता. त्याने खिशातून फोन काढला आणि फदलकडे बघितलं. ती नजर फदलला कळली. आता हा फोन लावेल, पोरं येतील, बहिणीला हात धरून बाहेर काढतील आणि उद्यापासून शटर बंद.

फदलने चुलीवरची दोन्ही पातेली खाली उतरवली. फडक्याला हात पुसले. मग तो मधल्या टेबलाशी आला, हाजी अवदला जोडीला बसायला हाताने खुणावलं आणि बहिणीच्या डाव्या हाताला बसला.

"फोन ठेवा," तो मुकबिलला म्हणाला. "मी हरवतो त्यांना."

सोंगट्या पिसल्या गेल्या. नबीहाने आपल्या सात उचलल्या आणि बघितलं तर त्यांत सहा-सहा. ही सगळ्यात जड सोंगटी. शहाणा माणूस ती संधी मिळताच टाकून मोकळा होतो, कारण डाव बंद पडला तर हातातले ठिपके मोजतात आणि जड हात हरतो. नबीहा ती कधीच लवकर टाकायची नाही. बापाची जोड आहे ती, वाया घालवायची नाही, असं लहानपणी तिचं म्हणणं, आणि तेव्हा बाबा हसायचे. साखरेच्या पोत्यावर बसून तिने फदलला खेळायला शिकवलं तेव्हाही तिच्या हातात ती शेवटपर्यंत असायची. ही खोड बाबांच्या मागे जगात दोघांनाच माहीत होती. त्यातला अन्वर आता नव्हता.

फदल दोन हात खेळला आणि नबीहाला कळून चुकलं. तो सहांचीच वाट धरून चालला होता. जिथे सहा उघडा पडेल तिथे लगेच झाकत होता. हाजी अवदलाही ते उमगलं आणि म्हाताऱ्याने आपले सहा भराभर खर्चून टाकले. एकदा तिला संधी आली होती. टेबलावर सहाचं टोक उघडं होतं, सहा-सहा टाकून ती मोकळी झाली असती. तिने दुसरीच सोंगटी टाकली. का टाकली ते तिलाही सांगता आलं नसतं. सवय म्हणा, माज म्हणा. ती सोंगटी तिला हातात हवी होती.

आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली, जिने तिला हरण्याच्या भीतीपेक्षा जास्त हलवलं. फदल तिला सोडत नव्हता. लहानपणी तो रडायचा म्हणून ती मुद्दाम हरायची; आता तो मुद्दाम हरला असता तर मुकबिल म्हणाला असता, भावाने दया केली. फदल दया करत नव्हता. कपाळावर घाम, ओठ दाबलेले, तो समोरच्या कुठल्याही तरबेज पुरुषाशी खेळावं तसा तिच्याशी खेळत होता. चहाखान्यात तिच्याकडे इतक्या इज्जतीने आजवर कोणी बघितलं नव्हतं.

शेवटची सोंगटी फदलने हळूच ठेवली, आवाज न करता. दोन्ही टोकं मेली. डाव बंद. सगळ्यांनी हात उघडे केले. रऊफाकडे थोडेच ठिपके होते, पण नबीहाच्या हातात एकट्या सहा-सहाचे बारा, आणि त्यांनीच त्यांची बाजू जड झाली.

"अजून तेच," फदल म्हणाला.

"अजून तेच," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं.

मुकबिलने फोन खिशात टाकला. छाती भरून श्वास घेतला आणि दारातून बाजूला झाला, म्हणजे बायकांना जायला वाट मिळावी. "चला खाला," तो प्रथमच तिच्याशी बोलला, आवाजात आता गोडवा आला होता. "शब्द दिला होतात. उठा."

"दिला होता," नबीहा म्हणाली, आणि उठली. रऊफाही गुडघे धरत उठली. शफीका तर आधीच उभी होती. नबीहाने आपला अर्धा भरलेला ग्लास उचलून घेतला. दारापर्यंत वाट मोकळी होती, माणसं अंग चोरून उभी होती. ती दाराकडे गेली नाही. ती भिंतीकडे गेली, हरलेले जिथे उभे राहतात तिथे, आणि मघाशी हाजी अवद टेकला होता तशीच टेकली. मैत्रिणी तिच्या दोन्ही बाजूंना.

"पुढचा डाव आमचा," ती म्हणाली, आणि चहाचा घोट घेतला.

मुकबिलने फदलकडे वळून विचारलं, "फदल, हे काय आता?"

फदल सोंगट्या पिसत होता. जिंकला होता, तेव्हा नियमाने त्यालाही बाकावरून उठता येत नव्हतं. त्याने वर न बघताच उत्तर दिलं.

"हरला तो उठतो, मुकबिल. निघून जातो असं माझ्या बापाने कधी म्हटलं नव्हतं. तुम्हाला खेळायचं असेल तर तुम्हीही भिंतीशी उभे राहा. पण यांच्या मागे."

मुकबिल जागच्या जागी उभा राहिला. मग शफीका, जी जन्मात कोणाच्या अध्यातमध्यात पडली नव्हती, ती जरा सरकली आणि तिने भिंतीशी त्याच्यासाठी जागा केली.